मुक्या जिवास दिलेला शब्द

समुद्रकिनारी चार दिवस विश्रांतीस गेलेल्या मनुष्यास सहसा कठीण प्रश्न पडत नाहीत. तेथे वारा असतो, भूक बरी लागते, आणि नित्याच्या चिंता घाटमाथ्यावर राहिलेल्या असतात. तथापि सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात, पुनरुत्थानदिनाची उपासना आटोपून आम्ही चौघे रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले या गावी गेलो असता, माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने वाळूवर बसल्या बसल्या मजला एक प्रश्न केला. ती म्हणाली, “बाबा, आपला चांद्या देवाजवळ असेल का हो?”

चांद्या हा आमचा कुत्रा. तो २०२२ च्या मे महिन्यात मेला.

उत्तर देण्यास मला मुळीच वेळ लागला नाही. पाळकाच्या जिभेस अशा प्रश्नांचा सराव असतो. मी तिला सांगितले की, याविषयी पवित्र शास्त्रात उघड असे काही शिकविलेले नाही. उपदेशकाच्या पुस्तकाचा कर्ता मनुष्याच्या व पशूच्या आत्म्याची गती काय होते हा प्रश्न विचारतो आणि तसाच सोडून देतो. पौल मात्र रोमकरांस लिहिताना सगळी सृष्टीच सुटकेसाठी कण्हत आहे, असे सांगतो. आणि जॉन वेस्ली याने १७८१ साली लिहिलेल्या एका उपदेशात याच आधारावर मुक्या प्राण्यांविषयीही मोठी आशा धरली होती. मुलीने सर्व ऐकून घेतले व “हं” एवढेच म्हणाली. तिचा वडील भाऊ काटकीने वाळूत रेघा ओढीत होता, तो काहीच बोलला नाही. माझी पत्नी मजकडे पाहात होती.

त्या रात्री मजला झोप आली नाही. मी सांगितले त्यात खोटे असे काही नव्हते. परंतु कुत्र्याच्या आत्म्याचा प्रश्न मी इतक्या उत्साहाने का उचलला, हे माझे मला कळून चुकले होते. तो प्रश्न चालू असेतोवर दुसरा प्रश्न निघणार नव्हता. तो दुसरा प्रश्न असा: ज्यास शब्दाचा अर्थ कळत नाही, अशा जिवास दिलेला शब्द मनुष्यावर बंधनकारक आहे काय? वाचकहो, हा प्रश्न आपणांस पोरकट वाटेल. मजलाही तो पुष्कळ दिवस पोरकट वाटत होता, किंवा तसा तो वाटावा अशी माझी इच्छा होती.

प्रथम चांद्याविषयी सांगतो. २०१३ च्या पावसाळ्यात, आमच्या नगरकडच्या कोरडवाहू गावी, एक तांबूस रंगाचे गावठी पिल्लू भिजत भिजत प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर येऊन बसले. कपाळावर पांढरा ठिपका होता, त्यावरून माझ्या मुलाने त्याचे नाव चांद्या ठेवले. त्याच्या जातीची प्रौढी सांगण्यासारखे काही नव्हते. तो भाकरी खाई, कोंबड्यांस भिई, आणि उपासनेच्या वेळी दाराबाहेर पायताणांच्या राशीजवळ बसून राही. गीत सुरू झाले म्हणजे मान वर करी, उपदेश सुरू झाला म्हणजे झोपी जाई. या दुसऱ्या गोष्टीत तो मंडळीतील कित्येकांहून निराळा नव्हता.

मी वाड्यावस्त्यांवर गृहभेटीस निघालो म्हणजे तो मागे लागे. तो बरोबर आला तर प्रत्येक वस्तीवरची कुत्री त्याच्यावर धावून येत. म्हणून मी त्यास फाटकाशी बसवून, हात खाली करून म्हणत असे, “बस. येतो.” आरंभी तो ऐकत नसे. मी थोडे अंतर जाऊन परत येई, पुन्हा तेच शब्द बोले, पुन्हा जाई, पुन्हा येई. असे महिनाभर चालले. पुढे हे दोन शब्द ऐकताच तो फाटकाशी बसे आणि मी येईपर्यंत, मग दुपार होवो की दिवेलागण, तेथून हालत नसे. नऊ वर्षांत हे शब्द मी त्यास किती वेळा म्हटले असेन त्याची गणती नाही. दोन हजारांहून कमी खास नसतील. आणि प्रत्येक वेळी मी आलो. मंडळीतील कोणाही मनुष्याशी मी इतक्या वेळा वचन देऊन ते इतक्या नेमाने पाळलेले नाही, हे येथे कबूल करावे लागते.

पहिल्या खेपेस आम्ही समुद्रावर गेलो ते २०१७ च्या एप्रिलात, आणि तेव्हा चांद्या बरोबर होता. एका नातलगाची जीप मिळाली होती. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून, माणगाव व मंडणगड मागे टाकून आम्ही दापोलीच्या बाजूस आलो, तेव्हा चांद्याने नाक बाहेर काढून जो वास घेण्यास आरंभ केला तो हर्णैपर्यंत थांबविला नाही. हर्णै बंदरात संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो. नावांतून आलेली मासळी बैलगाड्यांत भरून काठास आणतात, आणि बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात. आमच्याकडील बैल गुडघाभर ओढ्यात घालावयास दोघे जण लागतात. ते दृश्य आम्ही सारेच तोंडे उघडी टाकून पाहात राहिलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, १८२३ च्या सुमारास स्कॉटलंडातील मिशनरी मराठी मुलखात आले ते प्रथम याच किनाऱ्यावर, बाणकोट व हर्णै येथे राहिले. मुलांस ही माहिती मी दिली, पण त्यांचे लक्ष चांद्याकडे होते. त्याने समुद्राचे पाणी पिऊन पाहिले, तोंड वाकडे केले, आणि एवढे मोठे पाणी पिण्याजोगे नाही याचा राग येऊन तो लाटांवर भुंकत सुटला.

आंजर्ल्यास आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, गुडघ्याहून खोल पाण्यात जाऊ लागली की तो तिचा परकर दातांत धरून मागे ओढी. ते त्यास कोणी शिकविले नव्हते. रात्री मात्र त्यास बांधून ठेवावे लागे, कारण त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात, आणि कोल्ह्यांप्रमाणेच कुत्रीही ती उकरून खातात. अंडी राखणारा गावकरी त्याच्याकडे संशयाने पाही. चांद्याही त्याच्याकडे तसाच पाही.

आता दुसऱ्या खेपेविषयी. मे २०२२ च्या आरंभी, एस. टी. चा लांबलेला संप नुकताच मिटला होता व गाड्यांस अतोनात गर्दी होती. जीप मिळाली नाही. चांद्याचे वय नऊ झाले होते, मागचा एक पाय आखडत असे. त्यास गर्दीच्या गाडीत नेणे शक्य नव्हते. शेजाऱ्यांनी भाकर-पाण्याची जबाबदारी आनंदाने घेतली, व ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. त्यांजकडे काडीमात्र दोष नाही. मी चांद्यास अंगणातील लिंबाखाली सुताच्या दोरीने बांधले. तो उभा राहून ओढू लागला. गाडीची वेळ झाली होती. तेव्हा मी हात खाली केला आणि म्हणालो, “बस. येतो.”

तो बसला.

आम्ही सहा दिवसांसाठी गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. चांद्याने दोरी कुरतडून तोडली होती व दीड मैलावरच्या फाट्यावर, जेथे आम्ही गाडीत चढलो, तेथे जाऊन बसला होता. अन्नास तोंड लावीत नव्हता. उचलून घरी आणला तर पुन्हा जात होता. ऊन विलक्षण होते. ते भले गृहस्थ “या” असे म्हणाले नाहीत, ते म्हणाले, “तुम्हाला कळवावं म्हणून फोन केला, पाळकसाहेब.” मी त्यांस म्हणालो की दूध देऊन पाहा. मग फोन खिशात ठेवून आत आलो. पत्नीने विचारले, “कोणाचा हो?” मी म्हणालो, “मंडळीचं काही काम होतं.” खोलीचे भाडे सहा दिवसांचे भरले होते. मुले दोन वर्षांच्या साथीनंतर प्रथमच घराबाहेर पडली होती. मी मनाशी म्हणालो, कुत्र्याकरिता मुलांची सुटी मोडावी काय? असे मनाशी म्हणताना माझ्या ताटात तळलेली मासळी होती, आणि ती मी खाल्ली.

पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यास बैलगाडीत घालून घरी आणले. आम्ही सहाव्या दिवशी संध्याकाळी पोचलो. त्यास उठवत नव्हते. त्याने शेपूट हालविले, माझा हात चाटला. गुरांच्या डॉक्टरांस बोलाविले, पण रात्री अडीचच्या सुमारास तो मेला. मुलांस मी सांगितले की तो म्हातारा झाला होता व उन्हाळा त्यास सोसला नाही. बोरीखाली खड्डा खणला, तेव्हा मुलाने विचारले, “प्रार्थना करायची का?” मी म्हणालो, जनावरांकरिता अशी रीत नाही. खरे कारण ते नव्हते. त्या वेळी डोळे मिटून देवापुढे तोंड उघडण्याचा मजला धीर नव्हता.

पुढे काही दिवसांनी फाट्यावरच्या चहावाल्याने न विचारताच सांगितले की, प्रत्येक गाडी आली म्हणजे तो उठे, उतरणारांचे पाय हुंगी, आणि गाडी गेली की पुन्हा जागेवर जाऊन बसे. जपानात तोक्यो शहरी हाचिको नावाचा कुत्रा आपला धनी १९२५ साली मेल्यावर सुमारे दहा वर्षे, १९३५ साली स्वतः मरेपर्यंत, शिबुया स्टेशनात त्याची वाट पाहात राहिला. त्याचा पुतळा तेथे आहे व जगभरचे लोक तो पाहून गहिवरतात. ती गोष्ट मजला पूर्वी फार आवडत असे, हल्ली वाचवत नाही. हाचिकोचा धनी विद्यापीठात कामास गेला असता मरण पावला होता. चांद्याचा धनी जिवंत होता, आणि त्यास निरोप मिळाला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चांद्या मेल्यावर मी आठ दिवस खिन्न होतो, तेव्हा मंडळीतील एका वडिलांनी प्रेमानेच माझी कानउघाडणी केली. ते म्हणाले की, माणसांची पोरे उपाशी असताना पाळकाने कुत्र्यासाठी झुरावे हे बरे दिसत नाही. यातील पहिला भाग कोण नाकारील? पण मनुष्यांकडे पाहण्यास सवड व्हावी म्हणून मी कुत्र्याकडे दुर्लक्ष केले असते तर ही कानउघाडणी मजला लागू पडली असती. त्या तिसऱ्या दिवशी मी कोणत्याही उपाशी पोरास जेवू घालीत नव्हतो.

ज्ञानी लोकांनी या विषयाचा खल पुष्कळ केला आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने पशू हे घड्याळासारखे यंत्र होत असे प्रतिपादिले. ज्याने कुत्रा पाळला आहे त्याच्याशी या मताविषयी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. इंग्लंडातील बेंथम याने १७८९ साली लिहिले की, पशूला बुद्धी आहे किंवा भाषा आहे हे पाहू नये, त्यास दुःख होते की नाही एवढेच पाहावे. आणि पुढे १८२२ साली तेथील पार्लमेंटने गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा केला. आपल्या देशात १९६० चा कायदा आहे, आणि पाळलेल्या जनावरास भूकतहानेने पीडा होईल अशा स्थितीत टाकून देणे हा त्यात अपराध मानिला आहे. मी तो कायदा मोडला नाही. मी भाकरीची सोय केली होती, पाण्याची सोय केली होती, सावलीत बांधले होते. कोणत्याही न्यायाधीशाने मजला सोडून दिले असते.

माझ्या प्रश्नाशी खरी झोंबी घेतो तो जर्मन पंडित कांट. आपल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत त्याने हेच उदाहरण घेतले होते: कुत्रा आयुष्यभर इमानाने वागला असेल तर धन्याने त्यास म्हातारपणी मरेपर्यंत सांभाळावे. परंतु हे कर्तव्य कुत्र्याचे आपणावर असलेले ऋण म्हणून नव्हे, कारण कुत्र्यास न्यायबुद्धी नाही. जो मनुष्य जनावराशी निष्ठुर वागतो तो हळूहळू मनुष्यांशीही निष्ठुर होतो, यास्तव. सेमिनरीत असताना मी हे मत ऐकून वहीत उतरून घेतले होते व मजला ते पुरेसे वाटले होते. हल्ली वाटत नाही. कारण चांद्याच्या बाबतीत मी जे केले त्याने माझ्या मंडळीशी वागण्यात काही निष्ठुरपणा आला असे मजला दिसत नाही. उलट थोडा नरमपणाच आला असेल. मग कांटच्या हिशेबाने नुकसान काहीच झाले नाही, आणि तरी नुकसान झाले आहे. ते फाट्यावर, लिंबाच्या झाडाखाली, चांद्याचे झाले.

कोणी म्हणेल, कुत्र्यास “येतो” या शब्दाचा अर्थ काय कळणार? तो नुसता आवाज. हे खरे आहे, आणि यातच माझा दोष पक्का होतो. तो नुसता आवाज होता. त्यात अर्थ मी घातला. दोन हजार वेळा जाऊन आणि दोन हजार वेळा परत येऊन घातला. मनुष्याचे मूल शब्द शिकते तेही याच रीतीने. चांद्यास व्याकरण ठाऊक नव्हते, पण माझ्या त्या दोन शब्दांचा अर्थ सबंध गावात त्याच्याइतका कोणासच ठाऊक नव्हता. मी त्यास ज्या भाषेत खोटे सांगितले, तीत खोटे सांगता येते हे त्यास कधी शिकविलेच नव्हते.

आणि ऐकणारास हिशेब मागता येत नाही, म्हणून शब्द सैल होतो काय? शुद्ध हरपलेल्या रोग्याच्या उशाशी बसून मी पुष्कळदा म्हटले आहे, “तुमच्या मुलांकडे आम्ही बघू.” त्याने ते ऐकले की नाही, देव जाणे. तान्ह्या लेकराच्या बाप्तिस्म्याच्या वेळी सबंध मंडळी उभी राहून वचन देते. लेकरू झोपेत असते. अशा वचनांस आम्ही कमी प्रतीची मानीत नाही. खरे म्हटले तर जो हिशेब मागू शकतो त्यास दिलेला शब्द आपण पुष्कळदा भयाने पाळतो. जो मागू शकत नाही त्यास दिलेला शब्दच तेवढा आपल्या खरेपणाची परीक्षा घेतो.

या विचारात असता मजला उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाची आठवण झाली. त्यावर मी निदान पाच वेळा उपदेश केला असेल, आणि दर वेळी नोहा व मेघधनुष्य एवढ्यावरच थांबलो. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो नोहाशी व त्याच्या वंशजांशी. पण तितक्यानेच तो संपत नाही. तारवातून बाहेर पडलेली पाखरे, गुरे, रानपशू, सर्व त्या कराराच्या एका बाजूस धरलेली आहेत, आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्या बैलांस व कावळ्यांस कराराचे काय कळले असेल? काही नाही. तरी शब्द दिला गेला. तसेच बलामाच्या गाढवीचे. तिला बोलण्याची शक्ती मिळते तेव्हा ती आपल्या आत्म्याविषयी काही विचारीत नाही, बलाम चालला आहे तो मार्ग अधर्माचा आहे असा उपदेशही करीत नाही. इतकी वर्षे मी तुझी बसण्याची गाढवी, आजवर तुजशी अशी कधी वागले होते काय, एवढाच तिचा सवाल असतो. ती जुन्या सहवासाची साक्ष काढते. बलाम निरुत्तर होतो. चांद्यास ते एक क्षणभराचे वाचा-दान मिळाले असते तर त्याने मजला याहून निराळे काय विचारले असते?

हा सहवास किती जुना आहे! जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक कबर सापडली. ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहे. तीत एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांजबरोबर कुत्र्याचे काही महिन्यांचे पिल्लू पुरलेले होते. त्या पिल्लाच्या दातांवरून पुढे अभ्यासकांनी दाखविले की ते फार आजारी होते, आणि माणसांनी सेवा केली नसती तर इतके जगते ना. शेती नव्हती, गाव नव्हते, लिहिणे नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. शिकारीस काही कामाचे नसलेले आजारी पिल्लू कोणी तरी उशाशी घेऊन बसले होते.

वाचकहो, आपणांपैकी बहुतेकांच्या दारी कुत्र्याहून मोठी जनावरे आहेत, आणि पाळकास कुत्र्याचे दुःख परवडते, आम्हांस बैलाचे परवडत नाही, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. थकलेला बैल विकावा तर गिऱ्हाईक नाही, ठेवावा तर चारा नाही. रात्री माळावर सोडून आलेली माणसे मजला ठाऊक आहेत, आणि त्यांपैकी एकाने ते मजजवळ रडत सांगितले आहे. त्यास मी माझ्या पंक्तीस बसवीत नाही. त्याच्यापुढे दोन जिवांतून एक निवडण्याची वेळ आली होती. मजपुढे तीन दिवसांच्या वाऱ्याची. २०१९ च्या दुष्काळात चारा-छावणीत आमच्या मंडळीतील एक म्हातारे गृहस्थ दोन बैलांशेजारी खाट टाकून चार महिने राहिले. उपासनेस येत नाहीत म्हणून मी विचारण्यास गेलो, तर म्हणाले, “यांनी माझ्या रानात जन्म काढला, आता यांना परक्याच्या दावणीला बांधून मी घरी कसा निजू?” मी त्यांस उपासनेचे महत्त्व सांगून परत आलो. आज ते आठवले की कान तापतात.

आता आंजर्ल्याची गोष्ट पुरी करतो. मुलीने प्रश्न केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कासवाची पिल्ले समुद्रात सोडावयाची होती. गावकरी अंडी वेचून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात, व ती फुटण्यास पन्नासएक दिवस लागतात. टोपली उलटी केली तशी तळहाताएवढीही नसलेली ती काळसर पिल्ले पाण्याच्या दिशेने चालू लागली. कोणी बोलावीत नव्हते, कोणी वाट दाखवीत नव्हते. मुलीने राखणदारास विचारले, “यांची आई कुठं असते?” तो म्हणाला, “ती अंडी घालून त्याच रात्री जाते, बाय. परत बघायला येत नाही.” “मग ही पिल्लं तिची वाट नाही बघत?” राखणदार हसला. म्हणाला, “वाट बघायला त्यांना शिकवलंय कोणी?”

मी लाटेत गेलेल्या शेवटच्या पिल्लाकडे पाहात राहिलो. राखणदाराने सहज म्हटले होते. पण मी तेथे उभा राहू शकलो नाही.

त्या संध्याकाळी मी मुलांस सर्व सांगितले. फोन, दूध, खोलीचे भाडे, मंडळीच्या कामाची थाप, फाटा. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही परत चला म्हटलं असतं.”

मी म्हणालो, “म्हणूनच सांगितलं नाही.”

मुलगी उठून आत गेली व दुसरा दिवसभर मजशी बोलली नाही. पत्नी मात्र रात्री म्हणाली, “मला ठाऊक होतं. शेजारणीनं त्याच आठवड्यात सांगितलं होतं.” तीन वर्षे तिने ते मजजवळ काढले नव्हते. मी का काढले नाहीस असे विचारले नाही.

परतताना आम्ही एस. टी. ने आलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलले होते. आम्ही घराकडे वळणार तोच मुलगा चहाच्या टपरीकडे गेला आणि त्याने चहावाल्यास विचारले, “आमचा कुत्रा कुठं बसायचा, काका?” चहावाल्याने आधी मजकडे पाहिले. मग त्याने मैलाच्या दगडापासून लिंबाच्या बुंध्यापर्यंत हात फिरविला व म्हणाला, “इथं. गाडी दिसेल असा.” मुलगी जाऊन त्या दगडावर बसली. तिने पिशवी मांडीवर घेतली. आम्ही तिघे उभे होतो. थोड्या वेळाने नगरकडून एक गाडी आली, धुरळा उडाला, दोन बायका बोचकी घेऊन उतरल्या, आणि गाडी निघून गेली. मुलगी त्या बायकांच्या पायांकडे पाहात होती. मग ती उठली, आणि आम्ही चौघे दीड मैल चालत घरी आलो.